मोठी पुली बसवण्याआधी

उन्हाळ्याची सुटी लागली की घाटरस्त्यांच्या कडेला एक दृश्य हमखास दिसते. बॉनेट उघडलेली गाडी, आतून निघणारी वाफ, झाडाच्या सावलीत बसलेली मुले-माणसे आणि हातात पाण्याची बाटली घेऊन ‘आता काय करावे?’ अशा मुद्रेने उभे असलेले गाडीमालक. गाडी उकळली की सहलीचा आनंद तर जातोच. पण तशीच रेटली तर हेड गॅस्केट जळते, हेड वाकते आणि दुरुस्तीच्या खर्चाने घरचे सारे अंदाजपत्रक कोलमडते.

असा अनुभव एकदा आला की माणूस उपाय शोधू लागतो आणि उपाय सांगणारेही भेटतात. “मोठी पुली टाका, साहेब. पंखा जोरात फिरेल, गाडी तापायची नाही,” असे एक जण सांगतो. गंमत अशी, की गाड्यांची हौस असलेल्या तरुण मंडळींत नेमके उलटे ऐकू येते. “मोठी पुली टाक. इंजिनावरचा भार कमी होतो, गाडी चपळ पळते.” शब्द एकच, मोठी पुली. एकाला तिच्यातून थंडावा हवा आहे, दुसऱ्याला शक्ती. दोघांचेही म्हणणे खरे कसे असेल?

खरे सांगायचे तर दोघेही अर्धेच बोलत आहेत. पुली मोठी आहे एवढ्याने काहीच कळत नाही. ती कोणत्या दांड्यावर बसवायची, हा खरा प्रश्न आहे. एका जागी बसवली तर पंखा आणि पाण्याचा पंप वेगाने फिरतात. दुसऱ्या जागी बसवली तर ते मंदावतात. दोन्ही बाबतींत काही मिळते आणि काही गमवावे लागते. काय गमवावे लागते, हे मात्र पुली विकणारा सहसा सांगत नाही. म्हणून गाडी घरातील कोणीही चालवत असो, हा हिशेब सर्वांनीच समजून घेतलेला बरा. त्यासाठी यंत्रशास्त्र शिकायला नको. घरचे शिलाई मशीन पुरेसे आहे.

इंजिनाची आग आणि पाण्याचा फेरा

पेट्रोल किंवा डिझेल जळताना सिलिंडरमधील वायूचे तापमान क्षणभर २,००० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. ज्या अ‍ॅल्युमिनियमचे हेड आणि पिस्टन बनतात, तो धातू ६६० अंशांना वितळतो. तरीही इंजिन वर्षानुवर्षे टिकते, कारण त्याच्या पोटातून सतत पाणी फिरत असते. इंधनातील ऊर्जेचा जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा चाके फिरवण्याच्या कामी येतो. उरलेल्यातला मोठा भाग धुराबरोबर निघून जातो आणि जवळजवळ तितकीच उष्णता पाण्यावाटे बाहेर काढावी लागते.

हे काम करणारी साखळी सोपी आहे. पंप पाण्याला इंजिनातून ढकलतो. तापलेले पाणी रबरी नळीतून रेडिएटरमध्ये येते. पंखा रेडिएटरच्या जाळीतून हवा खेचतो आणि निवलेले पाणी पुन्हा इंजिनात जाते. मध्ये थर्मोस्टॅट नावाचा एक छोटा दरवाजा असतो. इंजिन थंड असताना तो बंद राहतो आणि पाणी साधारण ८२ ते ९० अंशांपर्यंत तापले की उघडू लागतो.

सुरुवातीच्या काळात ही व्यवस्था इतकी सुटसुटीत नव्हती. जर्मन तंत्रज्ञ विल्हेल्म मायबाख यांनी १९०० च्या अखेरीस ३५ अश्वशक्तीची जी मर्सिडीज गाडी सिद्ध केली, तिच्यात मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर होता. त्यात ८,०७० बारीक नळ्या होत्या आणि मागे पंखा. आजच्या रेडिएटरचा तो पूर्वजच. पुढे १९०८ साली अमेरिकेत फोर्ड कंपनीची प्रसिद्ध मॉडेल टी गाडी आली. पहिल्या सुमारे २,५०० गाड्यांनंतर फोर्डने तिच्यातला पाण्याचा पंप काढूनच टाकला. गरम पाणी हलके होऊन आपोआप वर चढते आणि थंड पाणी खाली उतरते, या तत्त्वावर ते फिरत राही. पंखा तेवढा पट्ट्यावर चाले. यात खर्च वाचला, पण चढावर ही गाडी उकळण्याबद्दल बदनाम झाली. पाणी आणि हवा दोन्ही पुरेशा वेगाने फिरल्या पाहिजेत, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

शिलाई मशीनचे गणित

आता पुलीकडे वळू. पायाने चालवायच्या शिलाई मशीनला खाली मोठे चाक असते आणि वर हाताजवळ लहान. दोन्हींना एकच पट्टा जोडतो. खालचे मोठे चाक एकदा फिरले की वरचे लहान चाक कित्येक फेऱ्या घेते. चालवणारे चाक जितके मोठे, तितके चालणारे चाक वेगाने फिरते. उलट, चालणारे चाक मोठे केले तर ते मंद फिरते. पिठाच्या गिरणीतही हाच न्याय असतो.

इंजिनाच्या पुढच्या बाजूला अगदी हीच रचना दिसते. इंजिनाच्या मुख्य दांड्याला, म्हणजे क्रँकशाफ्टला, एक पुली बसवलेली असते. ती चालवणारी. पट्ट्याने तिला जोडलेल्या इतर पुल्या चालणाऱ्या. जुन्या अ‍ॅम्बॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी गाड्यांत पंखा पाण्याच्या पंपाच्याच दांड्यावर बसवलेला असे आणि तोच पट्टा वीज निर्माण करणारा डायनॅमो किंवा अल्टरनेटरही फिरवी. एका पट्ट्यावर सारा संसार! म्हणूनच तो तुटला की बॅटरीचा दिवा लागे आणि पाठोपाठ गाडी तापे.

समजा, क्रँकची पुली १२० मिलिमीटर व्यासाची आहे आणि पंपाची १०० मिलिमीटरची. म्हणजे इंजिनाच्या दर फेरीला पंप १.२ फेऱ्या घेतो. गाडी सिग्नलला उभी असताना इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्या घेत असेल तर पंप ९६० घेईल. हमरस्त्यावर गाडी पळवताना इंजिन ५,००० फेऱ्यांवर गेले तर पंप ६,००० वर जाईल.

आता पंपाची पुली १२५ मिलिमीटरची केली, तर हेच आकडे ७६८ आणि ४,८०० होतात. सरळ २० टक्के घट. याउलट पंपाची पुली तशीच ठेवून क्रँकची पुली १५० मिलिमीटरची केली, तर आकडे १,२०० आणि ७,५०० होतात. २५ टक्के वाढ. दोन्ही वेळा गॅरेजमध्ये आपण मोठी पुलीच बसवली; पण परिणाम मात्र पूर्व-पश्चिम.

शक्ती मिळते, पण कोठे?

पंपाची किंवा पंख्याची पुली मोठी केल्याने गाडीला खरोखर जोर येतो का? थोडा येतो, हे मान्य केले पाहिजे. पंख्याचा नियम असा आहे, की त्याचा वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट मिळते. पण तो फिरवण्यासाठी आठपट शक्ती लागते. पाण्याच्या पंपाचेही तसेच. त्यामुळे वेग २० टक्के कमी केला तर त्यांना लागणारी शक्ती जवळजवळ निम्मी होते आणि वाचलेली शक्ती चाकांकडे जाते. शर्यतीच्या गाड्यांत म्हणूनच ही युक्ती वापरतात.

पण शर्यतीच्या गाडीला सिग्नल नसतो. ती सतत उच्च वेगावर असते. पंप मंदावूनही तिला पुरेसे पाणी मिळते आणि समोरून येणारा वारा रेडिएटरला थंड ठेवतो. आपली गाडी मात्र दादरला, पुण्याच्या विद्यापीठ चौकात किंवा दिल्लीच्या आश्रम चौकात मे महिन्याच्या दुपारी मुंगीच्या पावलाने सरकत असते. समोरून वारा नाही, इंजिन मंद, आत एसी चालू. अशा वेळी रेडिएटरला पंख्याचाच आधार असतो आणि नेमका तेथेच आपण २० टक्के हात आखडता घेतलेला असतो.

फसगत होते ती येथेच. मोकळ्या रस्त्यावर गाडी पळवून पाहिली तर तापमानाचा काटा जागचा हलत नाही. मालक म्हणतो, “काही फरक पडला नाही.” तो खोटे बोलत नसतो. फरक पडतो तो वाहतुकीच्या कोंडीत आणि घाटात. म्हणजे जेथे कुटुंब बरोबर असते, वेग नसतो आणि गाडी बाजूला घ्यायला जागाही नसते.

त्याच पट्ट्यावर अल्टरनेटर असेल तर तोही मंदावतो. गाडी थांबल्यावर रात्री दिवे मिणमिणतात, बॅटरी भरत नाही आणि एके दिवशी सकाळी सेल्फ उचलत नाही. दोष बॅटरीला दिला जातो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा प्रकार होतो.

थंडाव्यासाठी मोठी पुली

आता पहिल्या सल्ल्याकडे पाहू. क्रँकची पुली मोठी केली तर पंप आणि पंखा वेगाने फिरतील. मग गाडी थंड राहणार नाही का? मंद वेगात राहील. सिग्नलला उभी असताना पंखा ९६० ऐवजी १,२०० फेऱ्या घेईल आणि काटा थोडा खाली येईल. पण हेच इंजिन ५,००० फेऱ्यांवर गेले की पंप ७,५०० फेऱ्यांनी फिरू लागतो आणि तेवढ्यासाठी तो घडवलेला नसतो.

पंपाची पाती पाण्यातून फार वेगाने गेली तर पात्यांमागे दाब इतका उतरतो, की तेथल्या पाण्याची वाफ होऊन बुडबुडे उठतात. हे बुडबुडे पुढे सरकून अधिक दाबाच्या जागी फुटतात आणि फुटताना धातूवर सूक्ष्म हातोड्यासारखे घाव घालतात. पात्यांना खळगे पडतात. शिवाय बुडबुड्यांत फिरणारा पंप पाणी ढकलण्याऐवजी नुसते घुसळत राहतो. म्हणजे वेग वाढवूनही पाणी त्या प्रमाणात मिळत नाही. पंपाचे बेअरिंग आणि सील लवकर झिजतात, पट्टा तापतो, अल्टरनेटरही गरजेपेक्षा जास्त वेगाने फिरतो. पंख्याचा नियम येथेही आपला वाटा वसूल करतो. वेग सव्वापट झाला की पंख्याला लागणारी शक्ती जवळजवळ दुप्पट होते. ती इंधनातूनच येते.

याच संदर्भात एक समजूत सर्वत्र ऐकू येते. “पाणी फार वेगाने फिरले तर त्याला रेडिएटरमध्ये निवायला वेळच मिळत नाही.” ऐकायला हे पटते, पण ते खरे नाही. पाणी रेडिएटरमध्ये कमी वेळ थांबते, तसेच ते इंजिनातही कमी वेळ थांबते आणि दर मिनिटाला जास्त वेळा रेडिएटरमधून जाते. फेरा बंदिस्त असल्याने एकूण उष्णता जास्तच बाहेर पडते. फार वेगाचा तोटा आहे तो बुडबुड्यांचा, झिजेचा आणि वाया जाणाऱ्या शक्तीचा.

या समजुतीचा भाऊ शोभणारा दुसरा उद्योग म्हणजे थर्मोस्टॅट काढून टाकणे. गाडी तापते ना, मग दरवाजाच काढा! काही इंजिनांत थर्मोस्टॅट दुहेरी काम करतो. तो रेडिएटरचा मार्ग उघडतानाच इंजिनाकडे परत फिरणारी आडवाट बंद करतो. तो काढला की बरेचसे पाणी रेडिएटरकडे न जाता आडवाटेनेच फिरते आणि गाडी अधिक तापते. थंडीच्या दिवसांत उलटेच होते. इंजिन योग्य तापमानाला पोहोचतच नाही, पेट्रोल जास्त जळते आणि झीज वाढते.

शेतावरचे इंजिन वेगळे

“पण आमच्या गावी विहिरीवरच्या इंजिनाची पुली लोक सर्रास बदलतात,” असे कोणी म्हणेल. ते बरोबर आहे आणि तेथे ते योग्यही आहे. शेतावरचे डिझेल इंजिन ठरलेल्या एकाच वेगाने चालते. इंजिनाच्या फेऱ्या माहीत, पंपाला किती फेऱ्या हव्यात तेही माहीत. मग भागाकार करून पुलीचा आकार नेमका काढता येतो.

मोटारगाडीचे इंजिन मात्र ८०० फेऱ्यांपासून ५,००० पर्यंत सारखे वर-खाली होत असते. खालच्या टोकाला पाणी आणि हवा कमी पडता कामा नये; वरच्या टोकाला पंप आणि पट्टा यांच्यावर अत्याचार होता कामा नये. या दोन टोकांच्या मध्ये कारखान्याने एक आकार निवडलेला असतो. ती तडजोड असते, हे खरे. पण ती तापमान, भार आणि वेग मोजून केलेली असते. आपण पुली बदलतो तेव्हा तडजोड नाहीशी होत नाही. एका टोकाचा त्रास उचलून आपण तो दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवतो, एवढेच.

एसी आला आणि तोल ढळला

आपल्या देशात या प्रश्नाला खरे तोंड फुटले ते गाड्यांत बाहेरून एसी बसवण्याच्या प्रथेमुळे. पद्मिनी किंवा अ‍ॅम्बॅसडर घ्यायची आणि मग बाजारातून एसी बसवून घ्यायचा. एसीचा कॉम्प्रेसरही इंजिनानेच फिरवायचा असल्याने क्रँकला जादा खाचेची पुली लागे. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसे. म्हणजे रेडिएटरला मिळणारी हवा आधीच तापलेली आणि इंजिनावर कॉम्प्रेसरचा भार वेगळाच. ज्या इंजिनाची थंड राहण्याची व्यवस्था एसी नसताना आखलेली होती, त्याच्यावर दुहेरी ओझे पडले.

त्यात सिग्नलला गाडी उभी राहिली की एसीचा गारवा कमी होई, कारण कॉम्प्रेसर मंदावे. मग मोठ्या पुलीचा मोह होणे स्वाभाविकच. पण कॉम्प्रेसर वेगाने फिरवला की तो इंजिनाकडून अधिक शक्ती मागतो आणि कंडेन्सरमधून अधिक उष्णता टाकतो. माणसे गार, इंजिन गरम! कारखान्यातूनच एसी बसवून येणाऱ्या गाड्यांत केवळ पुली बदललेली नसते. रेडिएटर, पंखा, हवा नीट खेचली जावी म्हणून पंख्याभोवतीचे आवरण आणि एसी लावताच इंजिनाचा मंद वेग किंचित वाढवणारी योजना हे सारे एकत्र ठरवलेले असते.

पद्मिनी टॅक्सीने ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांचा निरोप घेतला आणि अ‍ॅम्बॅसडरचे उत्पादन २०१४ सालीच थांबले. तरी जुन्या गाड्या हौसेने जपणारी घरे आहेत. पट्ट्यावर पंखा चालवणाऱ्या जीप, ट्रॅक्टर, मालमोटारीही आहेत. त्यांच्यासाठी हा हिशेब आजही जसाच्या तसा लागू आहे.

घाट आणि उंची

चढावर इंजिन पूर्ण जोर लावत असते आणि गाडीचा वेग कमी असतो. म्हणजे उष्णता जास्त आणि समोरचा वारा कमी. येथे जुन्या चालकांचा एक रिवाज शास्त्रालाही धरून आहे: वेळेवर खालचा गिअर टाकणे. खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्या फेऱ्या वाढतात, त्यामुळे पट्ट्यावरचा पंप आणि पंखाही वेगाने फिरतात आणि प्रत्येक स्फोटामागचा भार कमी होतो. मोठ्या पुलीतून जे मिळवायचे, ते गिअरच्या दांडीने फुकट मिळते आणि माथा आला की सोडूनही देता येते.

उंचीचा परिणाम आणखी वेगळा. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळते. साधारण १,३५० मीटर उंचीच्या महाबळेश्वरला ते ९५-९६ अंशांनाच उकळते, तर सुमारे ३,५०० मीटरवरच्या लेहमध्ये ८८ अंशांच्या आसपास. शिवाय हवा विरळ असल्याने पंख्याने तितकीच हवा खेचली तरी ती कमी उष्णता वाहून नेते. रेडिएटरचे दाब धरणारे झाकण येथे मोठी कामगिरी करते. समुद्रसपाटीच्या भागात एक वातावरणाइतका जादा दाब धरला की आतील पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. हेच झाकण ढिले झाले तर कितीही मोठी पुली लावा, गाडी उकळणारच.

आधी खरे दुखणे शोधा

जी गाडी काल तापत नव्हती आणि आज तापते, तिची पुली रात्रीत लहान झालेली नसते. दुसरेच काही तरी बिघडलेले असते. म्हणून मिस्त्रीकडून पुढील गोष्टी क्रमाने पाहून घ्याव्यात.

पहिली, पट्टा. इंजिन बंद असताना पट्ट्याच्या सर्वांत लांब भागावर अंगठ्याने दाबून पाहावे. साध्या फॅन बेल्टचा दाब साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर असावा. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. ढिला किंवा चकचकीत झालेला पट्टा घसरतो आणि पंप आपोआप मंदावतो.

दुसरी, पाण्याची पातळी आणि गळती. रबरी नळ्या फुगल्या आहेत का, पंपाखाली ओल आहे का, हे पाहावे.

तिसरी, रेडिएटर. बाहेरून चिखल, किडे, पालापाचोळा आणि आतून क्षार. विहिरीचे किंवा बोअरचे कठीण पाणी वर्षानुवर्षे घातले तर चहाच्या भांड्यात बसतो तसा थर नळ्यांत बसतो. कुलंट आणि शुद्ध पाणी यांचे कंपनीने सांगितलेले मिश्रणच वापरावे.

चौथी, झाकण आणि थर्मोस्टॅट. दोन्ही स्वस्त वस्तू. पण बिघडल्या तर महागात पडतात.

पाचवी, पंखा आणि त्याचे आवरण. आवरण काढून टाकले असेल तर पंखा रेडिएटरमधून हवा खेचण्याऐवजी आजूबाजूचीच हवा घुसळत राहतो.

यातले बहुतेक दोष पुलीपेक्षा कमी खर्चात दूर होतात. पुली मोठी करून ते झाकता येतील कदाचित, पण बरे होणार नाहीत.

नव्या गाड्यांत काय?

आजच्या बहुतेक लहान मोटारींत रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो. पाणी तापले की तो आपोआप सुरू होतो. पुलीशी त्याचा थेट संबंध नाही. पण त्याला वीज कोण देते? अल्टरनेटर. तो पुली बदलून मंदावला तर कोंडीत पंखा, दिवे आणि एसीचा ब्लोअर हे सारे बॅटरीवर येऊन पडतात. काही इंजिनांत पाण्याचा पंप टायमिंग बेल्टवर असतो, तेथे बाहेरची पुली बदलून पंपाला काहीच होत नाही. २००९ साली आलेल्या तिसऱ्या पिढीच्या टोयोटा प्रियसमध्ये तर पाण्याचा पंपही विजेचाच आहे आणि इंजिनाच्या पुढे असा पट्टाच नाही.

नव्या गाड्यांबाबत आणखी एक सावधगिरी. अनेक इंजिनांत क्रँकची पुली म्हणजे नुसते चाक नसते. तिच्यात धातूच्या दोन कड्यांमध्ये रबराचा थर असतो. प्रत्येक स्फोटाबरोबर क्रँकशाफ्टला जो पीळ बसून सुटतो, त्याची थरथर हा थर शोषून घेतो. त्याऐवजी दिसायला देखणी, हलकी, भरीव अ‍ॅल्युमिनियमची पुली बसवली तर ही ढालच जाते. परिणाम लगेच दिसत नाही. पण बेअरिंग आणि क्रँकशाफ्ट यांचे आयुष्य घटू शकते.

तरीही बदलायचीच असेल तर

घरातील तरुण मुलाने हट्टच धरला, किंवा खरोखरच तशी गरज असली, तर पैसे देण्यापूर्वी मिस्त्रीला चार प्रश्न विचारावेत. पुली कोणत्या दांड्यावर बसणार? गाडी उभी असताना पंपाच्या फेऱ्या किती होणार आणि पूर्ण वेगात किती? त्याच पट्ट्यावर आणखी काय काय फिरते? मूळ पुलीत रबराचा थर आहे का? पट्ट्याची लांबी बदलेल, सर्व पुल्या एका रेषेत राहिल्या पाहिजेत आणि जुनी पुली जपून घरी ठेवायची, हेही ठरवून घ्यावे. वॉरंटी चालू असेल तर तिच्या अटी आधी वाचाव्यात. याची उत्तरे देऊ शकणारा कारागीर भेटला तर त्याच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. “काही होत नाही, साहेब,” एवढेच उत्तर मिळाले तर गाडी तशीच घरी आणावी.

आणि प्रवासात काटा वर चढू लागला तर? एसी बंद करावा. हीटर असेल तर पूर्ण चालू करावा. माणसांना उकडेल, पण इंजिनाची उष्णता बाहेर पडेल. सुरक्षित जागा पाहून गाडी थांबवावी. इंजिन बंद करून किमान अर्धा तास निवू द्यावे. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये; दाब सुटताच उकळते पाणी कारंज्यासारखे उसळते आणि चेहरा व हात भाजतात. साडीचा पदर, ओढणी, मुलांचे हात पंख्यापासून दूर ठेवावेत. विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो. कुलंट सांडले तर लगेच धुऊन टाकावे. बहुतेक कुलंटमध्ये असणारे ग्लायकोल चवीला गोड, पण विषारी असते. लहान मुले आणि पाळीव प्राणी यांना त्याचा धोका आहे.

गाडी थंड राहावी म्हणून इंजिनाचा आकार बदलावा लागत नाही. तिच्याकडे वेळेवर पाहावे लागते. सहलीच्या आदल्या दिवशी पट्टा, पाणी, नळ्या आणि झाकण एवढे जरी पाहून घेतले, तरी घाटातील वाफेऐवजी घाटातील गार वाराच लक्षात राहील.